खिडकीकडे फिरवलेली खुर्ची

स्मृतीवर संशोधन करणाऱ्या मॅडमनी आज माझी खुर्ची हलकेच खिडकीकडे फिरवली. मीच त्यांना सगळं सांगून टाकलं होतं म्हणून. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या बायकोला, सुमनला, कात्री, पेरू, कढई असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. थोड्या वेळाने विचारलं तेव्हा ती गोंधळली आणि मी मॅडमच्या पाठीमागून दोन बोटांची कात्री करून दाखवली. पेरू आणि कढईही मीच खुणेने सुचवली. सुमन पास झाली आणि तिचे उपचार वर्षभर लांबले.

"काका, गेल्या वर्षीचा निकालाचा कागद आपण दुरुस्त करू," मॅडम एवढंच म्हणाल्या.

आज मॅडमनी सुमनला पुन्हा शब्द विचारले आणि माझी बोटं वळवळली, तेव्हा मी हात मांडीखाली घेतले. बँकेत, पाहुण्यांत, तिच्या वतीने मीच उत्तरं देत आलो. तिची लाज राखतोय असं वाटायचं. खरं तर लाज मला वाटत होती.

मागून सुमनचा आवाज आला, "नाही गं बाई आठवत!" आणि ती चक्क हसली.

"असू दे, काकू," मॅडम म्हणाल्या.

घरात 'आठवत नाही' म्हणायला मी तिला कधी जागाच ठेवली नव्हती. ती जागा तिला या खोलीत मिळाली. आणि तोंड खिडकीकडे असल्यामुळे माझे डोळे कुणाला दिसले नाहीत, त्याबद्दलही मॅडमचे आभार.