रंगनाथच्या यादीतला लपवलेला रकाना

रंगनाथ गेल्याचं मला त्याच्या सुनेनं, वैशालीनं फोनवर सांगितलं. मंगळवार होता, दुपारचे साडेबारा वाजत आले होते. "काका, बाबा गेले... खुर्चीतच. मोबाईल हातात तसाच हाय," एवढंच ती बोलली. मी 'येतो' म्हणालो. फोन ठेवताना पडद्यावर दिसलं, अकरा वाजून सात मिनिटांनी रंगनाथचा फोन येऊन गेला होता. दिसलं म्हणजे काय, मला ते माहीतच होतं. तो वाजत असताना मी समोरच बसलो होतो. नाव वाचलं, मोबाईल पालथा घातला आणि वाजू दिला. त्याला आता पाच आठवडे झाले. तो फोन त्यानं नेहमीच्या हजेरीसाठी केला होता की त्याला माझी गरज होती, हा एकच प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात आम्ही तीस वर्षं बरोबर काढली. मी प्रयोगशाळेत, तो टाइम ऑफिसात. हंगामात पाळी बदलताना गेटवर अशी झुंबड उडायची, की हा गडी मस्टर आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. नियमात ते बसत नव्हतं, साहेब लोक ओरडायचे. पण कोण येणार आणि कोण दांडी मारणार याचा त्याचा अंदाज इतका पक्का, की दुसऱ्या दिवशी खाडाखोड क्वचितच करावी लागे. मी त्याला 'चित्रगुप्त' म्हणायचो. तो हसायचा, पण अंदाज कसा बांधतो ते कधी सांगायचा नाही.

निवृत्तीनंतर आम्ही जुन्या कामगारांचं एक मंडळ काढलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, पोहे, चहा, कुणाचा वाढदिवस असेल तर पेढा, आणि भरपूर उखाळ्यापाखाळ्या. यादी अर्थातच रंगनाथकडे गेली. वैशालीनं त्याला एक्सेल शिकवलं आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हा माणूस कॉम्प्युटरला चिकटला तो चिकटलाच. एक्केचाळीस नावं. नाव, गाव, मोबाईल, हजेरी, घरच्या कुणाचा नंबर. दर महिन्याला नवं पान. गेलेल्या माणसाची ओळ तो पुसत नसे, करडी करून ठेवत असे. रविवारच्या आधीच्या मंगळवारी सकाळी दहाला बसायचा आणि वरून खाली, एकही ओळ न गाळता फोन लावत जायचा. कुणाचा लागला नाही तर तो लागेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. आणि एक विचित्र हट्ट होता. कुणाच्या फोनला गाणं ठेवलेलं त्याला चालत नसे. "ते भजन काढ आधी. साधी रिंग असू दे," म्हणून त्यानं एकेकाच्या घरी जाऊन कॉलर ट्यून काढायला लावल्या. म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणून आम्ही सोडून दिलं.

शनिवारी तो यादीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. उद्याच्या बैठकीची हजेरी त्यात आजच भरलेली असायची, 'ह' किंवा 'ग'. सवय, दुसरं काय. सुरुवातीला सगळे हसले. पुढं हसणं कमी झालं, कारण तो चुकतच नव्हता. 'येतो' म्हणून फोनवर छातीठोक सांगितलेला माणूसही यादीत 'ग' असला तर रविवारी त्याची खुर्ची रिकामी राहायची. बॉयलरवरच्या दगडूपुढं ओळीनं तीन महिने 'ग' आला आणि चौथ्या महिन्यात त्याची ओळ करडी झाली. मग शनिवारी फोटो आला की माझा फोन वाजू लागायचा. चांगले धडधाकट गडी मला विचारायचे, "तुमचा दोस्त हाय ना तो? माझ्या नावाम्होरं काय लावलंय, बघा की जरा." स्वतः फोटो उघडायची त्यांची छाती होत नव्हती.

मार्च महिन्यात माझ्या नावापुढं 'ग' आला. मी तर मंगळवारी त्याला 'येणार' म्हणून ठणकावून सांगितलं होतं. डोकं सणकलं. आता बघतोच, म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो आणि कार्यालयाच्या सातव्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली. दोघांनी धरून रिक्षानं घरी आणून टाकलं. संध्याकाळी रंगनाथ आला. मी अंथरुणातूनच म्हणालो, "तूच लावलंस हे माझ्या मागं." तो चपलाही न काढता दारात थांबला. "उद्या डॉक्टरला दाखव, सुभाष. येवढंच सांगाया आल्तो," म्हणाला. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरकडं गेलो, रक्तदाब भलताच वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या. त्याला मात्र मी एका शब्दानं कळवलं नाही. पुढच्या बैठकीच्या आधीच्या मंगळवारी त्याचा फोन आला, तो हा.

तेराव्यानंतर वैशालीनं त्याचा लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "मंडळाचं आता तुमीच बघा, काका." यादी उघडली. वरची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता अडखळलो. डीच्या पुढं थेट एफ. मधला ई रकानाच नाही. "लपवलाय वाटतं," वैशाली म्हणाली आणि तिनं तो उघडला. नुसते आकडे. तीन, दोन, चार... वर मथळा होता, 'रिंगा'. फोन उचलायला कुणाला किती रिंगा लागल्या, हे तो दर महिन्याला मोजून लिहीत होता. दगडूच्या ओळीत तीन, मग पाच, मग आठ, मग अकरा. माझ्या ओळीत वर्षभर दोन, दोन, तीन, दोन, आणि मार्चमध्ये सात. त्या आठवड्यात उठताना मला भिंत धरावी लागत होती. ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. 'तूच लावलंस' म्हणालो होतो त्याला, त्याची लाज वाटली. पहिली ओळ रंगनाथची स्वतःची होती. तिथं प्रत्येक महिन्याला एक आडवी रेघ. त्याला फोन करून कोण विचारणार होतं?

मग मी शेवटचं पान उघडलं. माझ्या आधीच्या सगळ्या ओळींत आकडे असले तर तो फोन हजेरीचा होता, आणि मी सुटलो. आकडे एकोणिसाव्या ओळीपर्यंत होते. विसावी रिकामी होती, तिच्याखालच्या सगळ्या रिकाम्या. माझी ओळ चौतिसावी. वैशालीनं त्याचा मोबाईल दाखवला. एकोणिसाव्या माणसाला अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन, त्यानंतर मला, त्यानंतर कुणालाच नाही. आयुष्यात कधी ओळ न गाळणारा माणूस त्या दिवशी चौदा नावं ओलांडून माझ्यापर्यंत आला होता.

परवाच्या मंगळवारी मी दहाला बसलो. मंडळाचे लोक अजून चुकून लावतात म्हणून वैशाली त्याचा मोबाईल चालू ठेवते. तिला म्हटलं, "आता तुझ्याकडं बाबांचा फोन वाजेल. उचलू नकोस, पोरी. वाजू दे." मी नंबर लावला आणि मोजत राहिलो. चार... पाच... सहा. सहानंतर ठेवून द्यावासा वाटला, तरी कानाला धरून ठेवला. बाराव्या रिंगेनंतर फोन आपोआप बंद झाला. त्या मंगळवारी माझा पालथा मोबाईलही त्याच्या कानात एवढाच वाजला असणार. मी गेल्या महिन्याचं पान उघडलं आणि चौतिसाव्या ओळीत, माझ्या नावापुढं, बारा लिहिले.