अंगावरचं लुगडं

आमच्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांना वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात मागणी होती, आणि त्यांचं वय वाढत गेलं तशी ती मागणीही वाढत गेली. नव्वदी ओलांडल्यावर तर विचारूच नका. गावात कुणाच्या सुनेला दिवस गेले की सातव्या-आठव्या महिन्यात त्या घरातली एखादी बाई आमच्या ओटीवर येऊन बसायची. केळीचा भाव, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण असं इकडचं तिकडचं बोलून व्हायचं, चहा व्हायचा, आणि मग ती हळूच म्हणायची, "आजी, एक जुनं लुगडं दे ना दुपट्यांना." जन्मल्या जन्मल्या बाळाला गुंडाळायचं ते खूप जगलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड असावं, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं, अशी समजूत. मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडेही आजोबांच्या धोतराची दुपटी शिवतात, पण त्याचा एवढा थाट मी इथेच पाहिला.

थाट म्हणजे नियम, आणि नियम सासूबाईंचे. मागायला स्वतः यायचं, निरोप चालणार नाही. मागितल्याशिवाय त्या कधी देत नसत, सख्ख्या नातीलासुद्धा नाही. फोनवर मागणाऱ्या एकीला त्यांनी "मग फोनमध्येच गुंडाळ पोराला" म्हणून उडवून लावलं होतं. लुगडं अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं हवं, नवंकोरं कापड बाळाला टोचतं. आणि सव्वा महिना झाला की बाळ दाखवायला आणायचं. त्यामुळे अर्ध्या गावाशी त्यांचं एक वेगळंच नातं होतं. आमच्याकडे नारळ न्यायला येणारा एक चांगला मिशाळ, पोलिसात असलेला माणूस आहे. तो दारात आला की सासूबाई जो कोणी समोर असेल त्याला सांगायच्या, "हा माझ्या लुगड्यातला. सगळं लुगडं मुतून ठेवलं होतं यानं." तो बिचारा मान खाली घालून हसायचा आणि वाकून नमस्कार करायचा. मला कधीकधी या सगळ्या वर्दळीचा वैताग यायचा, कारण चहा करणारी मी. पण एक सांगते, माणसं आली-गेली की सासूबाईंचा चेहरा तुकतुकीत दिसायचा. एवढ्या म्हाताऱ्या माणसाकडे काहीतरी मागायला कुणी येतं, ही गोष्ट साधी नाही. बहुतेक म्हाताऱ्यांना आपण फक्त विचारतो, जेवलात का, गोळी घेतली का.

माझी मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली. तीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तीही रीतसर येऊन आजीकडे मागून गेली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लुगडं फाडून दुपटी केली, माझ्या जाऊबाईंनी त्यांना चारी बाजूंनी दुमड घातली, मी ती धुऊन, उन्हात वाळवून पिशवीत भरली. बाळ जन्मलं ते रडलंच नाही. त्याला त्याच दुपट्यात गुंडाळून नेलं. त्याच्याबद्दल नंतर आमच्या घरात कुणी बोललं नाही. मुलगी माहेरी यायची, जेवायची, हसायचीही. पण सासूबाईंच्या लुगड्यांच्या पेटीवर ती पूर्वी पाय हलवत बसायची, ती आता त्या पेटीकडे पाठ करून बसायला लागली. सासूबाईंना ते दिसत होतं. त्यांना सगळंच दिसायचं, मोतीबिंदू असूनही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यावर छातीत कफ भरला, आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी आणि माझे मिस्टर हॉस्पिटलात. घरी जाऊबाई. आमचं घर एक, मधे भिंत, चुली दोन. जाऊबाईंचा हात मोठा, आणि घाई त्याहून मोठी. घरी नातेवाइकांची रीघ लागली, होळी गावची माणसं आली, नालासोपाऱ्याची आली, आणि रडून झाल्यावर प्रत्येकजण म्हणायला लागला, एवढं आयुष्य भोगलेली बाई, आठवणीला एखादं लुगडं मिळालं तर बरं. जाऊबाईंनी पेटी उघडली. अगोदर एक दिलं, मग एकीला दिलं तर दुसरी रुसेल म्हणून दुसरं दिलं, आणि असं करत पेटी रिकामी झाली. कुणाला नाही म्हणून पाठवणं त्यांच्या स्वभावात नाही.

आणि सासूबाई बऱ्या झाल्या. कफ सुटला, ताप उतरला, आणि मार्गशीर्षात आम्ही त्यांना ॲम्ब्युलन्समधून घरी आणलं. जाऊबाईंचा चेहरा असा झाला होता की सासू परत आल्याचा आनंद करावा की पळून जावं, हे त्यांना कळेना. मी हसू आवरायला स्वयंपाकघरात गेले. हॉस्पिटलापासून सासूबाईंच्या अंगात गाऊन होता. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "हा झगा काढा. मना लुगडं द्या." मग सांगावंच लागलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बारीक चौकटीचं, हिरव्या काठाचं. ते पण दिलं?" ते होळी गावच्या एका भाचीनं नेलं होतं आणि तिच्या नातवाला त्याची दुपटी झालीही होती. दिलेली वस्तू परत मागायची नसते, तेव्हा प्रश्न मिटला. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. ते लुगडं त्यांनी माझ्या मुलीच्या पुढच्या बाळंतपणासाठी बाजूला काढलं होतं, हे मला आणि जाऊबाईंना दोघींनाही कळलं. जाऊबाई दिवसभर रडत होत्या. मी त्यांच्यावर भडकले होते, पण त्यांचं रडणं बघून माझाही राग टिकला नाही.

त्यानंतर सासूबाई खचत गेल्या. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिला म्हणायच्या, "उभी राहून कुठं जायचंय मना?" आणि डोळे मिटून घ्यायच्या. गावात कळलं होतं की आजीकडे आता लुगडी नाहीत, आजी गाऊन घालते. बायका येईनाशा झाल्या. एक-दोघी बघायला येऊन गेल्या, पण बघायला येणं वेगळं आणि मागायला येणं वेगळं. ओटी सुनी पडली. चहाच्या वैतागाचं मी मघाशी बोलले ना, तो चहा कुणी करायला सांगेना, तेव्हा मला चैन पडेना.

संक्रांतीला मुलगी आली ती पाचवा महिना घेऊनच. इतके दिवस आम्हालाही सांगितलं नव्हतं. मला एकटीला गाठून म्हणाली, "आई, यावेळी काही तयारी नको. आणि आजीचं लुगडं तर नकोच. प्लीज." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती परत गेल्यावर मी सासूबाईंना जाऊन सांगितलं, दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, दिवस गेल्याची आणि लुगडं नको म्हटल्याची. लपवून काय उपयोग, त्यांना कळलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या मिस्टरांना हाक मारली आणि वसईच्या बाजारातून एक सुती लुगडं आणायला सांगितलं. मी म्हटलं, "आई, पोरगी नको म्हणालीय. आधी तयारी नको म्हणालीय ती."

"तयारी कोण करतंय?" त्या म्हणाल्या. "मी नेसते. अंग झाकायला बाईमाणसानं नेसू नाय काय?"

पण लुगडं काही अंथरुणात पडल्या पडल्या नेसता येत नाही. कासोटा घालायचा तर उभं राहावं लागतं. जी बाई व्यायामवालीला दाद देत नव्हती, ती खिडकीचे गज धरून उभी राहिली. पाय लटपटत होते, कपाळावर घाम, आणि आम्ही दोघी जावा खाली बसून निऱ्या करतोय. मला नऊवारी नेसवता येत नाही. जाऊबाईंना येतं, पण त्यांचे गुडघे धरलेले. म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, असं ठरलं. त्या म्हणायच्या डावीकडे, मी म्हणायची तुमचं डावं की माझं, आणि वरून सासूबाई ओरडायच्या, "मना काय दिवसभर उभं ठेवता?" रोज सकाळी हे नाटक. भिंतीपलीकडे राहणारी ही जाऊ मला इतक्या वर्षांत जेवढी कळली नव्हती तेवढी त्या काही महिन्यांत कळली.

लुगडं मात्र पत्र्यासारखं कडक होतं. खळ जायला कितीदा धुवावं लागलं. मी एकदा पाण्यात मऊ करायचं औषध घातलं, तर सासूबाईंना वासावरून कळलं आणि मला बोलणी खावी लागली. त्या रोज दुपारी पदर गालाला लावून बघायच्या. गजांवरून हात काठीवर आला, काठी टेकत त्या ओटीवर येऊन बसायला लागल्या. लुगड्यातली आजी ओटीवर दिसली तसं एक-दोन बायका पुन्हा थांबायला लागल्या. एकीनं विचारलंही, "आजी, हे झालं की मना?" सासूबाई म्हणाल्या, "हे राखून ठेवलेलं हाय." मी आतून ऐकलं. ज्या मुलीनं नको म्हणून सांगितलंय, तिच्यासाठी ही बाई अंगावर कापड झिजवत बसलीय.

वैशाखात मुलीला मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. मी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून इतकी रडले की नर्सनं मलाच पाणी आणून दिलं. दहाव्या दिवशी बाळ-बाळंतीण गिरीजला आली. बाळ दुकानातल्या गुबगुबीत ब्लँकेटात. सासूबाईंनी बाळाला बघितलं आणि कपाळावरून हात फिरवला. लुगड्याचा विषय काढला नाही.

मला काही राहवेना. "आई, देऊन टाका की," मी म्हटलं.

"मागितल्याशिवाय नाय."

"ती नाही मागायची."

"नाय तर नाय. मी नेसते हाय." त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आपलं आयुष्य पोरीला अपशकुनी वाटतं, हे त्या बाईच्या जिवाला किती लागलं असेल. मला मुलीचा राग आला, आणि लगेच तिची दयाही आली, कारण ती रिकामी झालेली पिशवी हॉस्पिटलातून घरी मीच आणली होती.

त्या आठवड्यात उकाडा भयंकर होता. त्या ब्लँकेटात बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. एका सकाळी बाळाचं रडणं काही केल्या थांबेना. आम्ही सगळे उपाय करून थकलो. मुलगी बाळाला घेऊन फेऱ्या मारत होती, मारता मारता ओटीवर गेली आणि उभी राहिली. मी दारात होते. तिनं ब्लँकेट बाजूला टाकलं आणि उघडं बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी त्याच्यावर पदर ओढला. बाळ एक-दोनदा मुसमुसलं आणि गप्प झालं.

मुलगी खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "आजी, तुझं लुगडं दे."

सासूबाई बाळाच्या अंगावरचा पदर चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला पण माझंच होतं. तो काय उघडा नाय गेला."

तीन वर्षांत त्या मुलाबद्दल आमच्या घरात उच्चारलेला तो पहिला शब्द. माझ्या मुलीनं आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती मोठ्यानं रडली. हॉस्पिटलात अशी रडली नव्हती, नंतरही कधी नाही. सासूबाई एक हात बाळावर आणि एक हात तिच्या डोक्यावर ठेवून बसल्या होत्या. जाऊबाई भिंतीपलीकडून धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. मी त्यांचा हात धरून त्यांना माझ्याजवळ उभं केलं, आणि आम्हीही रडलो.

मग लुगडं सोडून सासूबाईंना गाऊन घातला. फाडायला त्यांच्या हातात आता जोर नव्हता. त्यांनी काठाला दातानं धरायचा प्रयत्न केला, दात कुठले! शेवटी कात्रीनं कड कापून दिली आणि पुढचं माझ्या मुलीनं फाडलं, आजी दाखवेल तिथून. "काठाकडचं नको, ते कडक हाय. मधलं घे." दुपटी झाली. बाळाला गुंडाळून पाळण्यात ठेवलं.

सगळं आवरून मी त्यांच्याजवळ बसले. गाऊनमध्ये त्या एवढ्याशा दिसत होत्या. मला वाटलं, झालं, आता यांचं काम संपलं. ज्यासाठी उभी राहिली होती ते देऊन झालं, आता ही बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. मी घाबरले, खरंच घाबरले.

"उद्या बाजारात जा," त्या म्हणाल्या. "दुसरं आण. चांगलं जाड बघून आण."

"जाड कशाला, आई? या दिवसांत टोचेल तुम्हाला."

"टोचू दे," त्या म्हणाल्या. "मऊ व्हायला वेळ लागला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी वसईला गेले आणि दुकानदाराला म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात जाड लुगडं काढा.