पाळकसाहेबांची झोप

आमच्या पाळकसाहेबांना झोप लागायची ती फक्त दुसरं कुणी प्रार्थना करत असताना. डोळे मिटलेले, हात जोडलेले, मान जराशी पुढे. नवख्या माणसाला वाटावं, काय ही तल्लीनता! आम्ही ओळखून होतो. तेवढा वेळ त्यांच्याकडे कुणी काही मागत नसे, कारण मागणं परस्पर देवाकडे चाललेलं असे. ‘आमेन’ झालं की ते दचकून जागे होत, आणि समोर लगेच कुणीतरी उभं राही.

सुरतेतली आमची मराठी मंडळी म्हणजे नवापूर-नंदुरबारकडून मिलमध्ये आलेले कामगार आणि नगर-जालन्याकडचे थोडे बँकवाले, शिक्षक. चर्चची इमारत गुजराती मंडळीची. सकाळची भक्ती त्यांची. दुपारी, पत्रा तापल्यावर, आमची. पाळकसाहेबांना तिथून पलसाण्याच्या रंगाई कामगारांकडे घरप्रार्थनेला जायचं असे, मग कोसाडला, आणि ऊसतोडीच्या हंगामात चलथाणला टोळ्यांच्या पालांवर. सायकल, नाहीतर एसटी. मधल्या वेळात दवाखाना, पोलीस चौकी, शाळेचे दाखले, नवरा-बायकोची भांडणं. लोक “साहेब, झोपलात का?” असं विचारत थेट आत येत. ते म्हणत, “देवानं सातवा दिवस स्वतःच्या विसाव्यासाठी ठेवला. पाळकासाठी एखादा ठेवायचा राहून गेला.” लोक हसत. पाळकबाई हसत नसत.

माझे वडील मिलच्या दारात ख्रिस्ती पत्रकं वाटायचे आणि आमच्या घरात वाचायला दुसरं काही नसायचं. त्यामुळे ठाम वाक्यांची चटक मला लहानपणीच लागली. पुढे मी पाळकसाहेबांच्या पत्रकांची मुद्रणप्रत करून देऊ लागले. एकदा त्यात मी माझ्या पदरची ओळ घातली : ‘देवाचा सेवक कधी थकत नाही.’ त्यांनी ती खोडली.

“पोरी, हे छापू नको,” ते म्हणाले. “कुणीतरी खरं मानेल.”

न छापताही खरं मानणारे मंडळीत भरपूर होते. एका उन्हाळ्यात कबरीपाशी प्रार्थना करताना पाळकसाहेब मध्येच थांबले. ज्या माणसाच्या उशाशी त्यांनी कित्येक रात्री काढल्या होत्या, त्याचं नाव त्यांना आठवेना. त्याची बायको समोर उभी होती. शेवटी तिनंच नाव सांगितलं.

त्यानंतर त्यांनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीकडे तीन महिन्यांची रजा मागितली. डॉक्टरही तेच सांगत होते. ते म्हणाले, “माझा विश्वास गेलेला नाही. देवाचं बोलावणंही गेलेलं नाही. मी दमलोय, एवढंच.”

कमिटीचे सेक्रेटरी बँकेत अधिकारी. दर मे महिन्यात सहकुटुंब हवापालटाला जाणारे. ते म्हणाले, “पाळकसाहेब, बँकेत रजा असते. बोलावण्यात रजा कुठली?”

कमिटीनं रजेऐवजी दुसराच ठराव केला. पाळकसाहेबांना सामर्थ्य मिळावं म्हणून शनिवारी सकाळपासून उपास-प्रार्थना ठेवायची. आणि ती चालवायची पाळकसाहेबांनीच.

सगळे आले. प्रेमानं आले, याचाच मला अजून राग आहे. एकेक जण उठून त्यांच्यासाठी नवं बळ मागत होता, गरुडाचे पंख मागत होता. झोप कुणीच मागितली नाही. पाळकसाहेबांना मात्र खुर्चीत लगेच झोप लागली. तोंड उघडं पडलं, घोरणं सुरू झालं. या वेळी ‘आमेन’नंसुद्धा जाग आली नाही. दुपार कलली. पलसाण्याला साड्यांच्या घड्या घालणारी रूथबाई हळूच म्हणाली, “त्यासले निजू द्या ना.”

“मग आशीर्वाद कोण देणार?” सेक्रेटरी म्हणाले.

आमच्यात आशीर्वाद दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा असतो. त्याशिवाय भक्ती संपत नाही आणि त्या दिवशी उपासही सुटणार नव्हता. बाहेर चहा आणि खमण येऊन ठेवलं होतं. सेक्रेटरींनी खांदा हलवून त्यांना उठवलं. ते उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि आम्हा सर्वांना शांती लाभावी असा आशीर्वाद त्यांनी एक शब्दही न चुकता दिला. मग लोक खमणाकडे गेले.

पुढे कुजबुज सुरू झाली. स्वतःसाठीच्या प्रार्थनेत घोरणारा पाळक! याचा विश्वास थंडावला म्हणायचा. पावसाळा संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. सेक्रेटरींना ते एवढंच म्हणाले, “मला बोलावलं देवानं. हाका मात्र तुम्हीच मारत राहिलात.” निरोपाला मंडळीनं त्यांना शाल दिली, आणि गजराचं घड्याळ.

दोनेक वर्षांनी मंडळीचा वर्धापनदिन आला. जुन्या पाळकांच्या हातून आशीर्वाद घ्यावा, असं सेक्रेटरींच्या मनात आलं. निमंत्रण घेऊन मला जालन्याकडच्या त्यांच्या गावी पाठवलं. मी पोचले तेव्हा पाळकसाहेब ओट्यावर बाजेवर झोपले होते. कुशीवर, तोंड भिंतीकडे करून. पाळकबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “आता कुणी बोलवत नाही. तरी वस्तीवर कुणी आजारी असलं की संध्याकाळी आपणहून निघतात. म्हणतात, देवाचं बोलावणं आता पुन्हा ऐकू यायला लागलंय.” मग त्यांनी विचारलं, “उठवू का?”

मी नको म्हणाले. चहा घेतला, थोडा वेळ बाजेजवळ बसले आणि परतीची एसटी धरली.

सुरतेत सेक्रेटरी वाटच बघत होते. “काय म्हणाले?”

“झोपले होते.”

“मग उठवायचं ना! एवढ्या लांब गेलीस कशाला?”

“नाही उठवलं,” मी म्हणाले. “रजेवर आहेत ते.”