भांगेच्या काड्यांची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्यावरून पडलेलं नाव. दुसऱ्या कुणी बांधलेली भिंत वाकडी दिसली की त्याला दिवसभर चैन पडायची नाही. "नवरा वाकडा निघाला असता तरी मी निभावलं असतं, पण यांच्यासमोर भिंत वाकडी नको," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची. उभं आयुष्य वीट, वाळू आणि सिमेंट यांत गेलं. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, थापी खाली ठेवायची असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात थोरल्या बहिणीचा निरोप आला.

ताईने आईवडिलांमागे शेत एकटीने सांभाळलं होतं. तो पोचला तेव्हा ती बांधावर उभी होती, आणि तिच्यामागे डोक्याच्याही वर गेलेलं हिरवंगार पीक वाऱ्यावर डुलत होतं. हाताच्या बोटांसारखी फाकलेली ती पानं बघून तो बांधाच्या अलीकडेच थबकला.

"ताई, ही भांग आहे."

"आहे. हिच्याच काड्यांचं घर बांधायचंय, आणि ते तू बांधणारेस."

"या वयात मला तुरुंगात बघायचंय का तुला?"

"कायदा बदललाय रे. परवाना काढलाय मी. आधी चहा घे, मग घाबर."

घाबरायला कारण होतं. त्यांचे आजोबा भांग पेरायचे ते नशेसाठी नव्हे, सालीसाठी. साल भिजवून, सोलून, आजी त्याचे दोर वळायची आणि जाडंभरडं कापड विणायची. एके काळी जहाजांची शिडं याच धाग्याची असत, आणि शिडं फाटली की त्या चिंध्यांचा कागद होई, असं ती सांगायची. मग कायदा आला. धाग्याची भांग कुठली आणि गांजाची कुठली, हे बघत बसायला कायद्याला सवड नव्हती. सरकारी माणसांनी येऊन उभं पीक उपटलं आणि बांधावर पेटवून दिलं. तो तेव्हा इतका लहान होता की धूर दिसू नये म्हणून ताईने त्याचं तोंड आपल्या पोटाशी धरलं होतं. त्यानंतर घरात त्या झाडाचं नाव कुणी काढलं नाही.

चहा होतो न होतो तोच शेतकी खात्याच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी पिकात शिरून ठिकठिकाणचे शेंडे कापले आणि पाकिटांत घालून मोहोर लावली.

"बाई, नुसतं बघून नाही कळत?" त्याने विचारलं.

"मलाही नाही कळत, काका. हे झाड आणि गांजाचं झाड म्हणजे सख्खी भावंडं. पान तेच, वास जवळजवळ तोच. नशा आणणारा अंश किती आहे ते प्रयोगशाळेतच कळतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जरी जास्त निघाला, तरी सगळं शेत नष्ट करावं लागतं."

"गेल्या वर्षी तेच झालं," ताई शांतपणे म्हणाली. "सगळं कापून गाडलं. यंदा दुसरं बी आणलं."

त्याने बहिणीकडे पाहिलं. एवढं होऊनही तिने त्याला एका शब्दाने कळवलं नव्हतं.

निकाल येईपर्यंत तो तिथेच राहिला. रोज पिकातून फिरायचा. अंगठ्याएवढी जाड काडी गुडघ्यावर मोडायला जायचा आणि हात टेकायचा; आतला गाभा मोडे, पण साल काही केल्या तुटत नसे. काही महिन्यांपूर्वी इथे उघडी माती होती, यावर त्याचा विश्वास बसेना. विटेला भट्टी लागते, सिमेंटला कारखाना लागतो. हिला ऊन आणि पाणी पुरलं होतं.

पीक मर्यादेत बसलं. कापणी झाली, साल दोर वळणाऱ्यांकडे गेली, बी तेलाच्या घाण्यावर गेलं, आणि गाभ्याचे हलके पांढरे तुकडे अंगणात ढीग होऊन पडले. ते चुन्यात कालवायचे, लाकडी सांगाड्याला फळ्या ठोकून मधे भरायचे आणि हलक्या हाताने दाबायचे, असं ताई कुठेसं शिकून आली होती. त्याने नाक मुरडलं. "ही भिंत की गुरांचा चारा?"

तरी त्याने आधी एक ठोकळा पाडला, तो महिनाभर वाळवला आणि एक दिवस ताईसमोर त्यावर गॅसची ज्योत फेकणारी बंदूक धरली. काडीच ती, भुर्रकन पेटेल आणि ताईचा घराचा नाद सुटेल, असा त्याचा हिशेब होता. ज्योतीखाली ठोकळा काळा पडला, थोडा लाल झाला, पण पेटला नाही. बराच वेळ झाल्यावर ताईने सहज ठोकळ्याच्या मागच्या बाजूला तळहात ठेवला.

"हात लाव."

त्याने भीत भीत लावला. मागची बाजू थंडगार होती. बंदूक विझवायचंही त्याला सुचेना; ती ताईनेच विझवली.

मग मात्र त्याने ते घर बांधलं, सगळ्या भिंती ओळंब्यात, जसं कुठल्याच धनिकाचं बांधलं नव्हतं. भिंती वाळल्यावर भर उन्हाळ्याच्या दुपारी तो आतल्या खोलीत शिरला. बाहेर पत्रे तापून कडकडत होते. आत गारवा होता, आणि शांतता इतकी की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. तो आपसूक हळू आवाजात बोलू लागला.

गिलाव्याचा चुना पोचवायला आलेल्या म्हाताऱ्याला त्याने तसंच हळू विचारलं, "ही भिंत पूर्ण घट्ट कधी व्हायची?"

"चुना हवेतून श्वास घेत घेत दगड होतो. तुम्ही-आम्ही गेल्यावरही तिचं चालूच राहील."

म्हातारा गेला. ओळंब्याने चपला बाहेर काढल्या, परत आत जाऊन भिंतीला गाल टेकला आणि तसाच उभा राहिला. स्वयंपाकघरातून ताईने जेवायला हाक मारली. "आलो," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.