मंगलाष्टकवाली आत्या

आमच्या नेरमध्ये भर मांडवात नवरदेवाच्या काकांना गप्प बसवण्याची हिंमत फक्त आत्याची होती. मंगलाष्टक चालू असताना कोणी बोललं की ती कडव्याच्या मध्येच थांबायची, माईक खाली करायची आणि बोलणाऱ्याकडे शांतपणे बघत राहायची. मग माईक वर करून म्हणायची, "तुमचं झालं असंन तर मी म्हणतो पुढचं."

ती माझी सख्खी आत्या नव्हे. समोरच्या घरातल्या मुलांची आत्या, म्हणून अख्ख्या गल्लीची आत्या. वधूवरांची, त्यांच्या आजोळची, कधी गावच्या नदीचीही नावं ओवून ती मंगलाष्टकं रचायची. कापसाने मान टाकली त्या वर्षांत लग्नं चहा-चिवड्यावर आली, बँड गेला, घोडा गेला. आत्या मात्र न बोलावताही जायची. "बँड नाही म्हनून का लग्न मुकं लावाचं?" असं विचारायची.

मग तिचा घसा बसायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली, ऑपरेशन सांगितलं आणि आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री मात्र दिली नाही. आत्या तिथून थेट माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आली. "पोरी, माहा आवाज तुह्या डब्ब्यात भरून ठेव. मी नसली तं लोक कोठून आननार?"

दार-खिडक्या बंद करून, पंखा थांबवून, घामाघूम होत, कोणाचीही नावं न ओवता, पेटीच्या साथीने आम्ही रेकॉर्डिंग केलं. आता ते लोकांना विकत घेऊन मोबाईलवर उतरवता यावं म्हणून इंटरनेटवर एक पान करायचं ठरलं. मी नुकतीच हे शिकले होते आणि मला त्याचा ताठाही होता. वरच लिहिलं : 'विदर्भाच्या गानकोकिळेच्या स्वर्गीय स्वरांत'.

आत्याने चष्मा लावून वाचलं. "हे कोन बाई?"

"तुम्ही."

"मले गल्लीत भोंगा म्हनते. पुसून टाक ते." तिने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "घेनारा कोन हाय, त्याचं लिही ना. माह्याबद्दल कायले लिहून राह्यली?"

मग तिनेच सांगितलं आणि मी टाइप केलं : 'तुमच्या घरी मंगलाष्टक म्हणणारं कोणी उरलं नसेल, तर हे तुमच्यासाठी.' त्याखाली : 'पेटी जरा मागे पडली आहे. आवाज एका म्हाताऱ्या बाईचा आहे. पटलं तरच घ्या.' मी म्हटलं, दोष कशाला सांगायचे? ती म्हणाली, "मुलगी दाखवताना लपवलेलं मांडवात दिसतेच."

ऐकून बघण्यासाठी एक नमुना फुकट ठेवायचा होता. तो कुठे तोडायचा हे माझ्या डोक्यातून निघालं : बरोबर 'सावधान'च्या आधी. पुढचं ऐकायची हुरहूर लागली की माणूस विकत घेणारच, असा माझा हिशोब. आत्याला ते फारसं रुचलं नाही, पण तेवढं तिने माझ्यावर सोडलं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात दुपारी क्लासमध्ये मला फोन आला. उमरखेडहून, नवरदेवाचा मामा. "मॅडम, तुमचं मंगलाष्टक मधीच बंद पडलं. अंतरपाट धरलेला हाय आन् गुरुजी माह्याकडं पाहून राह्यले."

त्यांनी नमुनाच पुरा समजून मांडवात लावला होता. गुरुजींना 'सावधान' म्हणता आलं असतं. पण नवरी अडून बसली होती. लागेल तर त्याच बाईच्या आवाजात, म्हणे.

आत्या समोरच बसली होती. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायलाही मनाई केली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, मोबाईल माईकपाशी धरा. आन् पोरांना म्हना, गलका बंद." मग उभी राहिली, पदर सावरला आणि शेवटचं कडवं अशा काही आवाजात म्हटलं की टायपिंग करणारी मुलं थांबली, रस्त्यावरचा पानवाला दारात आला. 'सावधान' म्हणताना तिचा आवाज चिरकला. पलीकडून ताशा ऐकू आला.

"लागलं एकदाचं," ती खाली बसत म्हणाली. पाणी प्यायली. "आता त्या पानावर लिही मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं : 'हा नमुना आहे. लग्नात लावू नका, नवरदेव ताटकळतो.' ती ओळ लोकांनी एकमेकांना वाचून दाखवली आणि फुलसावंगीपासून पुण्यापर्यंत मागण्या आल्या. माझ्या सगळ्या शिकलेल्या युक्त्यांनी मिळून तेवढं काम केलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला तो गेलाच. कुजबुजीएवढा उरला. पुढे ती मुलाकडे अमरावतीला राहायला गेली आणि तिथेच, काही वर्षांनी, झोपेत गेली. पण त्याआधी माझं लग्न झालं, नेरमध्येच.

मांडवात तिचं रेकॉर्डिंग लावलं होतं. माझ्या मनात धाकधूक, स्वतःचा गेलेला आवाज असा चारचौघांत ऐकताना तिला काय वाटेल? अंतरपाटाच्या कडेने मी हळूच पाहिलं. आत्या सगळ्यांत पुढे, दोन्ही मुठी अक्षतांनी भरलेल्या, चेहरा लहान मुलीसारखा. 'सावधान' व्हायच्या कितीतरी आधीच तिने दोन्ही मुठी आमच्यावर रिकाम्या केल्या आणि शेजारच्या बाईकडून आणखी मागून घेतल्या.

नंतर पाया पडले तेव्हा तिने मला खाली ओढून कानाशी सांगितलं, "जन्मभर एका हातात माईक, दुसऱ्यात कागद. अक्षता टाकाले हातच नव्हता मले."

माझ्या नवऱ्याच्या कानातून संध्याकाळपर्यंत तांदूळ निघत होते.