काट्याचा पाना

लोणखेड्याच्या गिरधर पाटलाला हात आखडता घेणं ठाऊकच नव्हतं. धान्य देताना माप झुकतं, वाढताना पोळी वर एक, आणि नट आवळताना हिसकाही एक जास्तच. घरच्या जुन्या मोटारीची सगळी दुरुस्ती तो स्वतः करी. त्याने आवळलेला नट सोडवताना भल्याभल्यांना घाम फुटे, आणि याचं त्याला कोण कौतुक!

थोरली लेक तापी बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. नंदुरबारला न्यायचं ठरलं. गिरधर चाकं आवळत होता. बायको जसोदाबाई तापीला कुशीत धरून मोटारीतून म्हणाली, "आखो एक हिसका द्या, मन्ही पोर बठेल शे."

त्याने जीव लावून प्रत्येक नटाला आणखी एक हिसका दिला. नाल्याच्या चढावर चाक निखळलं. बैलगाडी मिळेपर्यंत तापी गेली, पोटातल्या जिवासकट.

मिस्त्रीने नंतर तुटलेले बोल्ट त्याच्या हातावर ठेवले. "पाटील, जास्त आवळल्यानं ताणून तुटले." चाक निखळलं म्हणजे नट ढिले राहिले, असंच गावाने धरलं, जसोदाबाईनेही. गिरधरने ते बोल्ट कुणालाच दाखवले नाहीत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर धुळ्याला लष्कराचं जुनं सामान विकायला आलं. त्यात किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारे पाने होते. दुकानदार चकचकीत पाना पुढे करत होता. गिरधरने एकेक दाबून सोडून पाहिला आणि ज्याचा काटा मुकाट शून्यावर परतला, तोच गंजका घेतला. किती आवळायचं तिथे मिस्त्रीने लाल खूण करून दिली. तेव्हापासून खुणेपाशी हात थांबे. मन मात्र थांबत नसे.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण झाला. सणाला माहेरी आलेली धाकटी लेक मीना सासरी निघाली. गिरधर चाकं आवळत असताना जसोदाबाई जवळ आली.

"आखो एक हिसका द्या ना."

"नई. काटा खुनवर उना. बस." काटा लाल खुणेला टेकताच त्याने पाना काढून घेतला.

तिचा आवाज चिरला. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. "तवय बी असंच ढिलं सोडं व्हतं ना तुम्हीन? म्हनीसनच मन्ही तापी गयी."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. बोलला असता तर तो दोषातून सुटला असता, पण तेव्हा 'आखो एक हिसका' मागणारीला मग कुणी सोडवलं असतं?

"हा," तो म्हणाला. "मन्हंच चुकनं. ढिलंच ऱ्हायी गयतं."

जसोदाबाई ओट्यावर बसून मोकळेपणी रडली. गिरधरने पाना फडक्यात गुंडाळला. तिला निदान रडता तरी आलं.