सासूबाई बसल्या आणि खुर्ची निघाली

ह्यांच्या कापड मिलनं कामाचं बक्षीस म्हणून बँकॉकची सहल दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी बी येसू." तोवर सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यातून त्या निघायच्या ते फक्त धुळ्याकडच्या लग्नांना. बोलतात अहिराणी, सुरतेत तीस वर्षं काढून गुजराती कामापुरती. मी त्यांना शिकवून ठेवलं होतं, "आई, तिथं काही कळलं नाही तर नुसतं हसून मान हलवायची."

सुरतेहून विमानात बसलो, बँकॉकला उतरलो. पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या रांगेपर्यंत चालणं काही संपेना. सासूबाईंचे गुडघे बोलू लागले. हे म्हणाले, "आईकडे बघ, मी बाथरूमला जाऊन आलो." चौघांचे पासपोर्ट ह्यांच्या गळ्यातल्या पिशवीत. आमची मुलगी वायफाय शोधत होती.

भिंतीशी एक चाकाची खुर्ची रिकामी उभी होती. सासूबाई तीत टेकल्या. मला वाटलं, बसू दे घटकाभर. तेवढ्यात गणवेशातली एक पोरगी कागद घेऊन आली, वाकून काहीतरी विचारलं. सासूबाई हसल्या. मान हलवली. खुर्ची निघाली.

"आई, उतरा! अगं थांब! रुको!" मी ओरडले. सासूबाईंनी मागं वळून मला हात केला. लिफ्टचं दार मिटलं.

मागून एक म्हाताऱ्या गुजराती बा मुलाच्या खांद्याला धरून लंगडत आल्या. आमच्याच विमानातल्या, सुरतेतल्याच वराछाच्या. मुलगा म्हणाला, "अमारी बानी खुरशी क्यां गई?"

मी लिफ्टकडे बोट दाखवलं. बा आमच्या बॅगेवरच बसल्या.

हे परतले. "आई कुठंय?"

"नेली."

"कोणी?"

विमानतळावरच्या एका साहेबाला गाठलं. मुलीनं इंग्रजीत सांगितलं, आजी, साडी, खुर्ची. त्याचा चेहरा उजळला. त्यानं बांचा हात धरून अलगद माझ्या हातात दिला. "मदर!" मी नाही म्हणायची, तो आणखी प्रेमानं द्यायचा. बा चिडून म्हणाल्या, "हुं एनी सासू नथी!" ते त्याला कुठं कळणार? वराछाचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याची आई पळवत होते.

शेवटी गणवेशातल्या दुसऱ्या एका बाईंनी वायरलेसवर विचारलं आणि आम्हाला खाली नेलं. पासपोर्टच नाही, म्हणून सासूबाईंना शिक्क्याच्या खिडकीशी अडवून ठेवलं होतं. तीन अधिकारी भोवती उभे. एकाच्या हातात सासूबाईंनी दिलेला बेसनाचा लाडू, खावा की जप्त करावा हे त्याला कळेना.

"मना आंडोर मांगे शे," त्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. माझा मुलगा मागं आहे. आवाज शांत होता. पण जवळ गेले तर पदराचं टोक ओलं झालेलं, आणि खुर्चीच्या दांड्यावरची बोटं इतकी आवळलेली, की मला ती एकेक करून सोडवावी लागली.

"तू हाका मारी ऱ्हायंती ना?" त्या म्हणाल्या. "माले वाटनं, तू जा म्हनी ऱ्हायनी."

खुर्ची बांना परत दिली, माफी मागितली. बांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

पुढचे चार दिवस सासूबाईंनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं. बाजारात, बोटीत, जेवताना डाव्या हातात. मला धड वळताही येत नव्हतं. सोडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.